पोलीस भरतीची मेडिकल : तयारीच्या पहिल्याच महिन्यात तपासून घ्यायच्या गोष्टी

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत पोलीस भरतीची जाहिरात निघो न निघो, तयारी वर्षभर चालूच असते. पहाटे गावाबाहेरच्या रस्त्यावर धावणे, दुपारी अभ्यासिका, संध्याकाळी गोळाफेक. यात आपल्या समाजातील मुला-मुलींची संख्या मोठी आहे. ज्या घरात शेती नाही, धंद्यासाठी भांडवल नाही, तिथे बारावीच्या बळावर मिळणारी ही कायम नोकरी म्हणजे अख्ख्या घराचा आधार असतो. त्यासाठी आईवडील मजुरीतून क्लासची फी भरतात आणि मुले आयुष्यातील दोन-तीन वर्षे देतात.

वैद्यकीय तपासणी म्हणजे ‘मेडिकल’ या सगळ्या प्रक्रियेत अगदी शेवटी येते. ग्राउंड निघाले, लेखी निघाली, यादीत नाव आले, गावात पेढे वाटले गेले आणि मग डॉक्टर सांगतात की रंग ओळखता येत नाहीत. हा दोष जन्मापासून होता. पहिल्याच महिन्यात पाच मिनिटांची तपासणी झाली असती, तर त्या मुलाने वेळीच दुसरी वाट धरली असती. याच्या उलटही घडते. चष्मा आहे किंवा सिकलसेलचा रिपोर्ट आला आहे, एवढ्यावरून ‘आपलं काही होत नाही’ असे ठरवून कित्येक जण अर्जच भरत नाहीत.

म्हणून कोणता दोष कायमचा, कोणता बरा होणारा आणि कोणता दोष नसून नुसती भीती आहे, हे तयारी सुरू करतानाच माहीत असायला हवे. हा लेख त्यासाठी आहे.

भरतीत शरीर कुठे कुठे तपासले जाते

महाराष्ट्रात पोलीस शिपायांची भरती ‘महाराष्ट्र पोलीस शिपाई (सेवाप्रवेश) नियम, २०११’ आणि त्यातील नंतरच्या सुधारणांनुसार होते. शरीराशी संबंधित टप्पे तीन आहेत.

पहिला टप्पा मोजमापाचा. पुरुष उमेदवाराची उंची किमान १६५ सेंटिमीटर, छाती न फुगवता किमान ७९ सेंटिमीटर आणि फुगवल्यावर किमान ५ सेंटिमीटर वाढ लागते. महिला उमेदवाराची उंची किमान १५५ सेंटिमीटर लागते. त्यांना छातीचे मोजमाप नाही. राज्य राखीव पोलीस बलासाठी (एसआरपीएफ) उंची किमान १६८ सेंटिमीटर आहे. या बलाचा गट क्रमांक ९ अमरावतीतच असल्याने आपल्याकडील बरीच मुले तिथे अर्ज करतात. तीन सेंटिमीटरचा हा फरक त्यांनी आधीच लक्षात ठेवावा.

दुसरा टप्पा मैदानी चाचणीचा. शिपाई पदासाठी ती ५० गुणांची असते. पुरुषांना १६०० मीटर धावणे २० गुण, १०० मीटर धावणे १५ गुण आणि गोळाफेक १५ गुण. महिलांना १६०० ऐवजी ८०० मीटर. यात किमान निम्मे गुण मिळवणाऱ्यांमधून प्रत्येक प्रवर्गात एका जागेमागे दहा जणांना १०० गुणांच्या लेखी परीक्षेला बोलावतात. एसआरपीएफची मैदानी चाचणी १०० गुणांची असून त्यात ५ किलोमीटर धावणे आहे.

तिसरा टप्पा मेडिकलचा. निवड यादीत नाव आल्यावर सरकारी वैद्यकीय यंत्रणेकडून तपासणी होते. सोबत चारित्र्य पडताळणी असते. या दोन्हींतून पार पडल्यावरच नेमणूक आणि प्रशिक्षण. मेडिकलला गुण नसतात. पात्र किंवा अपात्र, एवढाच निकाल असतो.

मोजमाप, वयोमर्यादा आणि सवलती यांत वेळोवेळी बदल होतात. त्यामुळे ज्या जाहिरातीवर अर्ज करणार, तीच शेवटपर्यंत वाचा. मोबाइलवर फिरणाऱ्या जुन्या तक्त्यांवर विसंबू नका.

बरेच जण सोबत केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांसाठीही (सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफ वगैरे) अर्ज करतात. तिथले निकष वेगळे आणि कडक आहेत. पुरुषांची उंची १७० आणि महिलांची १५७ सेंटिमीटर. अनुसूचित जमातीच्या उमेदवारांना ती अनुक्रमे १६२.५ आणि १५० आहे. मेळघाटातील कोरकू मुला-मुलींना हे जरूर सांगा. अनुसूचित जातीला उंचीत अशी सवलत नाही. चष्म्याशिवाय एका डोळ्याची नजर ६/६ आणि दुसऱ्याची ६/९ लागते. गुडघ्याला गुडघा लागणे, सपाट तळवे, पायाच्या फुगलेल्या शिरा आणि तिरळेपणा चालत नाही. रंगदृष्टी उत्तम लागते. त्यामुळे एका भरतीत पात्र ठरलेला दुसरीत पात्र ठरेलच असे नाही.

जे बदलत नाही

उंची : अठरा-वीस वर्षांनंतर हाडांची वाढ जवळपास थांबलेली असते. उंची वाढवण्याची पावडर, गोळ्या, लटकण्याचे यंत्र यांवर पैसे घालवू नका. मात्र माणसाची उंची सकाळी उठल्यावर सर्वांत जास्त असते आणि दिवसभरात सुमारे एक सेंटिमीटरने कमी होते. म्हणून घरी संध्याकाळी मोजा. संध्याकाळी १६५ भरली, तर काळजी नाही. सकाळीही १६३ भरत असेल, तर तेच वर्ष तलाठी, वनविभागातील लिपिक, रेल्वे, बँक अशा दुसऱ्या परीक्षांना देणे शहाणपणाचे आहे.

रंगांधळेपणा : लाल आणि हिरवा यांतील फरक नीट न कळणे हा याचा नेहमीचा प्रकार. तो आईकडून मुलाकडे येतो, त्यामुळे मुलांमध्ये जास्त आणि मुलींमध्ये फार कमी आढळतो. ज्याला तो असतो त्याला बहुतेक वेळा पत्ताच नसतो, कारण सिग्नलचा दिवा तो रंगापेक्षा जागेवरून ओळखत असतो. ठिपक्यांमध्ये अंक लपवलेल्या इशिहारा तक्त्यावरून तो लगेच कळतो. यावर इलाज नाही. रंगीत काचांचे चष्मे विकणाऱ्यांच्या नादी लागू नका. चालक पोलीस शिपाई व्हायचे असेल, तर ही तपासणी सर्वांत आधी करा.

हाडांची ठेवण : पाय जुळवून उभे राहा. गुडघे एकमेकांना टेकतात पण घोटे लांब राहतात का, ते पाहा. पाय ओले करून फरशीवर ठसा उमटवा. तळव्याच्या आतल्या बाजूला कमान दिसते की पूर्ण तळवा उमटतो, ते पाहा. शंका वाटली तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. टाचा उचलून उभे राहिल्यावर कमान दिसत असेल, तर तो लवचीक तळवा. त्याचा त्रास सहसा होत नाही. टाचा उचलूनही कमान दिसत नसेल, तर तो कडक तळवा. त्यात धावताना दुखते. हा फरक डॉक्टर कागदावर लिहून देऊ शकतात.

जे वेळेत बरे होते

हायड्रोसील, हर्निया, मूळव्याध, कानाच्या पडद्याचे छिद्र, पायाच्या फुगलेल्या शिरा, किडलेले दात, त्वचेचे आजार हे सगळे उपचारांनी बरे होणारे आहेत. अडचण वेळेची आहे. हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर जोरात धावणे आणि वजन फेकणे काही आठवडे बंद ठेवावे लागते. त्यामुळे शस्त्रक्रिया जाहिरात निघण्यापूर्वी झालेली बरी. हायड्रोसील आणि मूळव्याध मुले लाजेपोटी घरीसुद्धा सांगत नाहीत. मेडिकलला कपडे काढावेच लागतात, तेव्हा ते दिसतेच.

खर्च म्हणाल, तर १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार नि:शुल्क आहेत. अमरावतीचे जिल्हा सामान्य रुग्णालय म्हणजे आपले ‘इर्विन’, तसेच अचलपूर, मूर्तिजापूरसारखी उपजिल्हा रुग्णालये त्यात येतात. अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे सर्वोपचार रुग्णालय आहे; तिथे सगळ्या विषयांचे तज्ज्ञ एकाच ठिकाणी भेटतात.

डोळ्यांचा नंबर : लेझरने नंबर काढण्याआधी ज्या भरतीला बसायचे तिचे नियम वाचा. काही दलांत अशी शस्त्रक्रिया झालेला उमेदवार घेत नाहीत. हजारो रुपये खर्चून आपणच दार बंद करून घेऊ नये.

रक्तक्षय : राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून जास्त महिलांना रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन महिलांचे किमान १२ आणि पुरुषांचे किमान १३ असावे. ९ हिमोग्लोबिनवर ८०० मीटर धावणारी मुलगी दमते, तेव्हा क्लासमध्ये ‘मेहनत कमी पडते’ असे सांगितले जाते. खरे कारण रक्तात असते. लोहाच्या गोळ्यांनी साठा भरून निघायला साधारण तीन महिने लागतात. मात्र सिकलसेलची तपासणी झाल्याशिवाय मनाने लोहाच्या गोळ्या सुरू करू नका.

सिकलसेल : रिपोर्ट नीट वाचा

विदर्भात आदिवासी समाजांबरोबर पूर्वाश्रमीच्या महार, म्हणजे आजच्या बौद्ध समाजातही सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. मलेरियाच्या प्रदेशात या जनुकाच्या वाहकाला मलेरियापासून संरक्षण मिळते, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या तो टिकून राहिला. आफ्रिका, अरबस्तान आणि भूमध्य सागराच्या काठच्या लोकांतही तो आहे.

रिपोर्टवर ‘एएस’ असेल तर तुम्ही वाहक आहात. वाहक हा रुग्ण नाही. तो सामान्य आयुष्य जगतो. ‘एसएस’ असेल तर तो आजार आहे. सोल्युबिलिटी नावाच्या साध्या चाचणीत एएस आणि एसएस यांतील फरक कळत नाही, दोन्ही ‘पॉझिटिव्ह’च येतात. तेवढ्या एका शब्दावर हातपाय गाळू नका. इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची तपासणी करून घ्या आणि तो कागद जपून ठेवा. मेडिकलच्या वेळी कोणी नुसते ‘सिकलसेल पॉझिटिव्ह’ असा शेरा मारला, तर हाच कागद उपयोगी पडतो.

वाहकाने धावावे का? या प्रश्नाचा सर्वांत मोठा अभ्यास अमेरिकी लष्करात झाला. १९६८-६९ मध्ये तिथल्या एका उंचावरील छावणीत प्रशिक्षण घेणारे चार कृष्णवर्णीय जवान मरण पावले आणि ते वाहक असल्याचे निघाले. त्यानंतर बरीच वर्षे वाहकांकडे संशयाने पाहिले गेले. तिथल्या हवाई दलाच्या अकादमीत तर १९८१ पर्यंत त्यांना प्रवेशच नव्हता. पुढे सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वाहकांमध्ये मृत्यूचा धोका वाढलेला आढळला नाही. अतिश्रमाने स्नायूंच्या पेशी फुटण्याचा धोका मात्र ५४ टक्क्यांनी जास्त होता. तंबाखू वापरणाऱ्यांमध्येही तो जवळपास तितकाच वाढलेला होता. म्हणजे वाहक असण्याची जेवढी भीती बाळगता, तेवढी खर्ऱ्याचीही बाळगा.

तेव्हा वाहकाने धावावे, पण नियमाने. अंतर हळूहळू वाढवा. पाणी भरपूर प्या. ताप, जुलाब किंवा उलट्या झालेल्या दिवशी धावू नका. मांड्या-पोटऱ्यांत अचानक तीव्र दुखू लागले, लघवी चहासारखी काळपट झाली, तर लगेच थांबा आणि दवाखाना गाठा. एप्रिल-मे महिन्यांत अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. या काळात सूर्य वर आल्यावर सराव कोणीच करू नये. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीत ५ किलोमीटर धावताना तरुणांचे जीव गेले होते. त्यानंतर अंतर कमी झाले. ग्राउंडच्या आदल्या दिवशी दुखणे दाबणारी किंवा ताकद वाढवणारी इंजेक्शने घेणे म्हणजे हाच धोका विकत घेणे आहे.

एसएस असलेल्यांनी मात्र मैदानी तयारीत उतरू नये. थकवा, पाणी कमी पडणे आणि थंडी यांमुळे त्यांना तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये सिकलसेल आजाराचा समावेश आहे. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळाल्यास उच्च शिक्षणातील किमान ५ टक्के राखीव जागांचा लाभ घेता येतो. सरकारी नोकरीतील ४ टक्के आरक्षणाच्या यादीत मात्र याच कायद्याने रक्ताचे आजार घेतलेले नाहीत. हा प्रश्न विदर्भातील संघटनांनी लावून धरायला हवा.

अपात्र ठरवले तर

तोंडी सांगण्यावर घरी परतू नका. अपात्रतेचे कारण लेखी मागा. कागदावर दोषाचे नाव, मोजमाप आणि तपासणारा अधिकारी कोण हे असले पाहिजे. पुनर्तपासणीसाठी ताबडतोब अर्ज करा आणि पोच घ्या. सोबत सरकारी रुग्णालयातील त्या विषयाच्या तज्ज्ञाचा रिपोर्ट जोडा. केंद्रीय दलांत पुनर्वैद्यकीय तपासणीची रीतसर तरतूद आहे. तिची मुदत थोडी असते. रिपोर्टची प्रत मिळत नसेल, तर माहिती अधिकार कायदा, २००५ खाली अर्ज करा.

राज्य सरकारच्या नोकरीतील वादांसाठी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण म्हणजे ‘मॅट’ आहे. अमरावती आणि अकोल्याची प्रकरणे त्याच्या नागपूर खंडपीठाकडे जातात. अर्जाची मुदत साधारणपणे अंतिम आदेशापासून एक वर्ष आहे. वकिलाची फी परवडत नाही म्हणून थांबू नका. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही महिलेला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा.

आणखी दोन गोष्टी माहीत असाव्यात. नोकरीसाठी एचआयव्ही तपासणीची सक्ती करण्यास २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने मनाई केली आहे. तृतीयपंथी उमेदवारांसाठी डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सरकारला तरतूद करायला लावली आणि पोलीस भरतीच्या अर्जात त्यांच्यासाठी पर्याय आला.

तपासणी शरीराची, जातीची नव्हे

एप्रिल २०१८ मध्ये शेजारच्या मध्य प्रदेशात, धार येथील जिल्हा रुग्णालयात पोलीस भरतीची मेडिकल चालू होती. उंची-छातीचे निकष प्रवर्गानुसार वेगळे असल्याने गोंधळ नको, म्हणून उमेदवारांच्या उघड्या छातीवर पेनाने ‘एससी’, ‘एसटी’ असे लिहिले गेले. त्याची छायाचित्रे देशभर पोचली, तेव्हा चौकशी झाली. पुढच्याच महिन्यात भिंड येथे मुलींची आणि मुलांची तपासणी एकाच खोलीत झाल्याचे उघड झाले.

असे काही समोर आले, तर गप्प बसू नका. प्रवर्ग कागदावर असतो, अंगावर लिहिण्याचे कारण नाही. आडोसा आणि एका वेळी एकच उमेदवार, ही मागणी रास्त आहे. मुलींनी महिला डॉक्टर किंवा किमान महिला कर्मचारी हजर असावी असा आग्रह धरावा. एकटीने बोलायची भीती वाटली, तर चार-पाच जणींनी मिळून लेखी अर्ज द्यावा.

या दारात उभे राहण्याचा हक्कही फुकट मिळालेला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी ‘लढाऊ जमाती’ ठरवून महारांची सैन्यभरती बंद केली. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारकडे पाठवलेल्या निवेदनात सैन्याबरोबर पोलीस खात्यातही प्रवेश मागितला. १९२८ मध्ये मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीत बाबासाहेब आंबेडकर सदस्य होते. त्या समितीच्या १९३० च्या अहवालात अस्पृश्यांना पोलिसांत घेण्याचा विषय होता. तेव्हा धडधाकट माणूसही जन्मामुळे अपात्र ठरत होता. आज निकष सेंटिमीटर आणि नजरेचा आहे. तो निकष आधी माहीत करून घेणे आपल्या हातात आहे.

गावपातळीवर करता येण्यासारखे

अनुसूचित जातीच्या युवकांसाठी बार्टीमार्फत पोलीस आणि सैन्य भरतीपूर्व प्रशिक्षण दिले जाते. असा वर्ग असो की खासगी क्लास, प्रवेशाच्या पहिल्या आठवड्यात आरोग्य तपासणी झाली पाहिजे, असा आग्रह पालकांनी आणि कार्यकर्त्यांनी धरावा.

क्लास ऐकत नसेल तर विहार समिती किंवा युवक मंडळ हे काम एका रविवारी करू शकते. उंची मोजायची पट्टी, छातीचा टेप, सहा मीटरवर लावायचा नजरेचा तक्ता आणि इशिहारा तक्ते एवढे साहित्य पुरते. हिमोग्लोबिन आणि सिकलसेल तपासणीसाठी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना पत्र द्यावे. मुलींची मोजमापे महिला कार्यकर्त्यांनीच घ्यावीत. कोणाला काय निघाले ते त्यालाच सांगावे. यादी भिंतीवर लावू नये आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर तर नकोच. सिकलसेलचा रिपोर्ट गावभर झाला, तर मुलीचे लग्न मोडते, हे आपण सगळे जाणतो.

ज्यांना उपचार लागतील त्यांच्यासोबत एक कार्यकर्ता रुग्णालयापर्यंत जावा. ज्यांची उंची किंवा रंगदृष्टी बसत नाही, त्यांच्याशी त्याच आठवड्यात बसून दुसऱ्या परीक्षांचा विचार करावा. मुलगा अजून एकोणीस वर्षांचा असतो, तेव्हा हे सांगणे सोपे असते. चोविसाव्या वर्षी, तीन भरत्या दिल्यावर तेच सांगणे फार जड जाते.